तबकडीचा वजनकाटा : त्याचा इतिहास व निगा



घेणारा आणि देणारा यांच्यामध्यें तिसरा साक्षीदार म्हणून काटा उभा असतो. या साक्षीदाराची एक जात, म्हणजे वाटोळ्या तबकडीचा स्प्रिंगचा काटा, इलेक्ट्रॉनिक काट्यांपुढें मागें पडली आहे. शिरड शहापूरसारख्या गांवांत जुन्या दुकानाच्या माळ्यावर असा एखादा काटा आढळल्यास त्याचें काय करावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

दोन पारड्यांचा तराजू हजारों वर्षांचा जुना आहे. स्प्रिंगच्या काट्याचें तत्त्व मात्र इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें 1678 सालीं प्रसिद्ध केलें : जितका भार, तितका ताण. पुढें अठराव्या शतकांत साल्टर घराण्यानें इंग्लंडांत असे काटे करण्यास आरंभ केला. तबकडीच्या काट्यांत भारानें स्प्रिंग ताणली जाते, तिच्याबरोबर दांतेरी पट्टी सरकते, पट्टी लहान दांतेरी चाक फिरविते आणि चाकाबरोबर सुई फिरते.

या सोयीची एक किंमत होती. दोन पारडीं समपातळींत आलीं कीं नाहीं, हें निरक्षर शेतकऱ्यासही दिसे. तबकडीवरील आंकडे मात्र वाचतां यावे लागत. आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि त्या राज्यांत साक्षर माणसें फार थोडीं होतीं. हैदराबाद संस्थानानें 1930 सालीं शेतमालाच्या बाजारपेठांचा कायदा केला, तरी आंकडा वाचून दाखविणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर पुष्कळ कांहीं अवलंबून असे. म्हणूनच तबकडीवरील अक्षरें हा इतिहासाचा पुरावा होय.

तें मापही आज नाहीं. 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारें 933 ग्रॅम भरे, आणि अशा 40 शेरांचा मण सुमारें 37.3 किलोग्रॅम होई. शिवाय कच्चा शेर निराळा, आणि तोही गांवोगांव वेगळा. 1956 सालच्या कायद्यानें हा गोंधळ मिटविण्याचें ठरलें. 1958 पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं आणि एप्रिल 1962 पासून देशभर सक्तीचीं झालीं. त्यामुळें ज्या तबकडीवर शेर लिहिले आहेत, ती बहुधा त्याआधींची समजावी.

आतां निगेकडे वळूं. प्रथम खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. एनॅमलची तबकडी ओलसर मऊ फडक्यानें पुसावी. राख, रांगोळी किंवा घासकागद तिला लावूं नये, कारण आंकडे एकदां गेले कीं परत येत नाहींत. कागदी किंवा रंगविलेल्या तबकडीस पाणी लावूंच नये. लोखंडी भागांवरील गंज रॉकेलनें सैल करून सुती फडक्यानें काढावा. पितळी पारड्यास चिंच लावल्यास तें लगेच स्वच्छ धुवून कोरडें करावें. आम्ल राहिल्यास पितळ हिरवें पडतें. दांतेरी पट्टीस दाट तेल देऊं नये. त्यावर धूळ चिकटते आणि सुई अडखळते. स्प्रिंग हातानें ओढून पाहूं नये. ती मर्यादेपलीकडे ताणली गेली, तर पूर्ववत् होत नाहीं.

नंतर परीक्षा घ्यावी. सुई शून्यावर आणून खात्रीचीं वजनें क्रमानें चढवावीं व उतरवावीं. एकाच वजनास चढतांना एक आणि उतरतांना दुसरा आंकडा आला, तर आंत घर्षण आहे असें जाणावें. उष्णतेनें पोलादी स्प्रिंग किंचित् नरम होते, म्हणून भर उन्हांत काटा थोडेंसें जास्तच वजन दाखवितो. परीक्षा सावलींत करावी.

मात्र दुरुस्त केलेला काटा व्यापारास लावणें ही निराळी गोष्ट आहे. 2009 च्या वैध मापन कायद्याप्रमाणें त्याची तपासणी होऊन त्यावर शिक्का पडावा लागतो, आणि स्प्रिंगच्या काट्यास ही तपासणी दरवर्षी लागते. शेराच्या तबकडीस तर व्यवहारांत स्थानच नाहीं.

कित्येकांस वाटतें कीं जुन्या तबकडीवर नवे रंग देऊन ती चकचकीत करावी. माझें मत याउलट आहे. झिजलेला शेराचा आंकडा आणि जुना शिक्का हे त्या काट्याचे दस्तऐवज आहेत. ज्या आंकड्यावर आपल्या आजोबांच्या पिकाचा हिशेब झाला, तो आंकडा नातवास वाचतां यावा. गंज काढावा; साक्ष पुसूं नये.