घराबाहेर काढलेल्या माणसाचे प्रील्यूड

१/ रोगाच्या भीतीने माणसाला घराबाहेर काढणे म्हणजे काय, हे वरोऱ्याला सांगावे लागत नाही. १९४९ साली बाबा आमटे यांनी येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन आकारू लागले. पुढे त्याच आनंदवनाने ‘स्वरानंदवन’ हा स्वतःचा वाद्यवृंदही घडविला. हा थ्रेड मात्र बरोबर शंभर वर्षे आधी, १८४९ साली वारलेल्या एका संगीतकाराविषयी आहे. त्यालाही रोगापायी घर सोडावे लागले होते.

२/ नोव्हेंबर १८३८. पोलंडचा फ्रेडरिक शोपँ लेखिका जॉर्ज साँ आणि तिच्या दोन मुलांसह पॅरिसहून स्पेनच्या मायोर्का बेटावर आला. हेतू हवापालटाचा, वाट्याला आला पाऊस आणि खोकला. क्षयाची बातमी पसरताच घरमालकाने घर रिकामे करविले, वर बिछाना जाळण्याचा खर्चही मागितला.

३/ त्या घरमालकाला केवळ दुष्ट ठरवणे मला अवघड वाटते. स्पेनमध्ये क्षय संसर्गजन्य मानला जाई. पॅरिसचे वैद्य बहुधा तो आनुवंशिक समजत. १८८२ साली रॉबर्ट कॉखने जंतू दाखविला आणि स्पेनची समजूत खरी ठरली. कुष्ठाचे नेमके उलटे. हान्सेनने त्याचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, तो पसरतोही मोठ्या मुश्किलीने; तरी भीती रोगाहून कितीतरी मोठीच राहिली.

४/ डिसेंबरात आसरा मिळाला वाल्देमोसाच्या ओसाड मठात. पॅरिसहून मागविलेला प्लेयेल पियानो जकातीत अडकलेला. तोवर बेटावरच्या साध्या पियानोवर भागवावे लागले. जानेवारी १८३९ मध्ये २४ प्रील्यूडचा संच तेथूनच पॅरिसला रवाना झाला. त्यांतील काही आधीच लिहिलेली होती.

५/ प्रील्यूड म्हणजे खरे तर प्रस्तावना. बाखच्या संचात तिच्यामागून फ्यूग येते. शोपँच्या प्रील्यूडमागून काहीच येत नाही. आलाप झाला आणि बंदिश आलीच नाही, असे.

६/ चौथे, ई मायनरमधले, ऐका. ‘ई’ला षड्ज मानले तर सुरुवातीला उजवा हात पंचमावर रेंगाळतो, कोमल धैवताला स्पर्श करून परततो, इतकेच. खरी हालचाल डाव्या हाताची. स्वरसंगती ठोक्याठोक्याला वाजत राहते आणि तिच्यातला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. जमीन हळूहळू सरकावी तसे वाटते. उत्तरार्धात एकदाच आवेग उसळतो आणि लगेच ओसरतो. मग स्तब्धता. शेवटी तीन अतिमंद स्वरसंगती. सारे मिळून २५ बार, जेमतेम दोन मिनिटे. (काही वादक हे इतके संथ वाजवतात की घसरणच जाणवेनाशी होते. ते टाळावे.)

७/ फेब्रुवारीत बेट सोडताना त्या आजारी माणसाला धड गाडीही कोणी देईना. धक्के खात तो बंदरावर पोहोचला आणि डुकरे वाहून नेणाऱ्या जहाजातून बार्सिलोनाला गेला. दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १८४९ रोजी, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. तेव्हा ऑर्गनवर हेच प्रील्यूड वाजविले गेले.