वारल्यांचा वेठबिगारविरोधी लढा

वारल्यांचा वेठबिगारविरोधी लढा : तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली आदिवासींनी वेठ, लग्नगडी पद्धती आणि अपुरी मजुरी यांविरुद्ध १९४५–४७ मध्ये दिलेला संघटित लढा. उंबरगावपैकी तलासरीचा भाग १९६० मध्ये महाराष्ट्रातच राहिला. २०१४ पासून तो व डहाणू पालघर जिल्ह्यात मोडतात.

डहाणूच्या उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही किनाऱ्याची गावे बागायती वाड्यांची. पूर्वेस मात्र जंगलाचा व गवती माळांचा मुलूख लागतो. तेथील जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेल्या व कसणारे वारली त्यांची कुळे झाले. पावसाळ्यात धान्य संपले की खावटी काढावी लागे. सुगीत ती वाढीदिढीने फेडताना पुढील वर्षाची उपासमार ठरून जाई. कुळाची झोपडीही मालकाच्याच जमिनीवर असल्याने वेठीस नकार देणे म्हणजे घरास मुकणे होते. लग्नासाठी कर्ज घेणारा लग्नगडी पत्नीसह धनकोकडे राबे. कर्ज बहुधा फिटत नसे. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी केलेल्या १९३९ च्या अहवालात या प्रथांची नोंद आहे. तेव्हा प्रश्न माहितीच्या अभावाचा नव्हता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथील किसान सभेच्या परिषदेस काही वारली उपस्थित राहिले. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांनी पाड्यांतून संघटना बांधली. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारली जमले. वेठ करावयाची नाही आणि रोख १२ आणे रोज मिळाल्याविना जमीनदाराच्या खाजगी शेतावर कामास जावयाचे नाही, असे तेथे ठरले. थोड्याच काळात वेठ व लग्नगडी पद्धती मोडली. कायद्याची वाट न पाहता, केवळ एकजुटीने दिलेल्या नकारामुळे हे घडले, हे या लढ्याचे खरे वैशिष्ट्य होय.

पुढचा संघर्ष गवतकापणीच्या दराचा होता. येथील गवत मुंबईच्या बाजारात जाई. पावसाळ्यानंतर ते वेळीच कापले नाही तर मालकाचे नुकसान होई. वारल्यांनी नेमक्या याच हंगामात ५०० पौंडांस अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. १९४६ मध्ये जंगलकामासाठी सव्वा रुपया रोजाची मागणी होऊन संप झाला. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून तडीपार केले. खेर हे स्वतः आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक होते. आदिवासींची सेवा मान्य असणाऱ्यांस त्यांची संघटना मानवली नाही, असे म्हणावे लागते. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच जण ठार झाले.

लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात सांगितली आहे. त्यास १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.

वेठ गेली, तरी जमीन त्याच वेगाने परत आली नाही. १९४८ चा कुळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कुळांस मालकीची वाट मोकळी केली. परंतु ज्यांचे नाव कुळ म्हणून दप्तरी लागलेच नव्हते, त्यांस तिचा उपयोग नव्हता. जंगलातील दळी भूखंड कसणाऱ्यांच्या हक्कास तर २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले.