कमी पैशात घरचा दाणागोटा : काय, कधी आणि किती भरून ठेवावं?

मजुरी आठवड्याला मिळते, पगार महिन्याला येतो आणि गहू मात्र वर्षातून एकदाच निघतो. ज्याच्या हातात एप्रिलमध्ये पैसे असतात तो वर्षाचं धान्य स्वस्तात भरतो. ज्याच्याकडे नसतात तो तेच धान्य पाच-पाच किलो करत, वाढत्या भावाने, बऱ्याचदा वहीवर उधार लिहून घेतो. म्हणजे गरिबाची पोळी श्रीमंताच्या पोळीपेक्षा महाग पडते. वैजापूरसारख्या तालुक्यात हे फार जवळून दिसतं. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचं पाणी आलं त्या पट्ट्यात गहू-कांदा होतो, बाकी बाजरी, मका, कापूस सगळं पावसावर. पाऊस रुसला की मजुरीही जाते आणि भावही चढतो.

एकदम पंधरा-वीस हजारांचं सामान भरायला सांगणारे लेख पुष्कळ असतात. आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांना ते जमणारं नाही, म्हणून इथे थोडं-थोडं करून साठा कसा उभा राहतो ते लिहिते.

आधी राशनचा हिशोब

पहिलं धान्य राशनचं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सोय पाच वर्षांसाठी वाढवली आहे.

पाच माणसांचं घर धरा. मोठी-लहान मिळून माणशी ९ किलो धान्य महिन्याला लागतं असं मानलं तर ४५ किलो झाले. २५ किलो राशनचे आले. बाजारातून घ्यायचे उरले २० किलो, म्हणजे वर्षाला २४० किलो. आकडा मोठा वाटतो, पण त्यात गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ सगळं आलं, आणि हे सगळं एकाच महिन्यात घ्यायचं नसतं.

केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांची गोष्ट वेगळी. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांसह एकूण १४ जिल्ह्यांत त्यांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम बँकेत मिळू लागली. आधी माणशी १५० रुपये होते, २०२४ मध्ये १७० झाले. पाच माणसांचे महिन्याला ८५० होतात, वर्षाचे १०,२००. हे पैसे मोबाईल रिचार्ज आणि बाजारहाटात कधी विरून जातात कळत नाही. धान्याच्या बदल्यात आलेला पैसा धान्यासाठीच बाजूला पडला तर एप्रिलचा गहू त्यातूनच निघतो.

कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी झाली आहे की नाही हे एकदा दुकानात विचारून घ्या. आपल्याकडे नावांचा गोंधळ फार: कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. तपासणी अडकली की त्या माणसाचं धान्य बंद होऊ शकतं. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्यांना तिथल्या दुकानातही अंगठा लावून आपलं धान्य उचलता येतं, ते सोडू नका. तक्रारीचा नंबर १९६७.

आणखी एक. राशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि मग व्हॉट्सॲपवर “प्लास्टिकचा तांदूळ” सुरू होतं. शाळेतही पालक मूठभर तांदूळ घेऊन येतात. तो प्लास्टिक नसतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात बनवलेला पोषक तांदूळ असतो, १०० किलोत साधारण एक किलो मिसळलेला. निवडून फेकला तर फायद्याचा भागच फेकला जातो.

पीक निघेल तसं घ्या

कमी पैशातल्या साठ्याची किल्ली ही की प्रत्येक वस्तू तिच्या हंगामात घ्यायची. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर येते, तेव्हा डाळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू ज्वारी आणि हरभरा. मार्च-एप्रिलमध्ये गहू, लाल मिरची, चिंच. एप्रिल-मे मध्ये उन्हाळी कांदा. ऑक्टोबरनंतर बाजरी आणि मका, थंडीत नवा गूळ. बघा, एकाच महिन्यावर सगळा भार पडत नाही.

पैसे अगदीच थोडे असतील तर आधी तूरडाळ आणि मिरची घ्या. पावसाळ्यात यांचेच भाव जास्त जाचतात, आणि नीट ठेवल्या तर दोन्ही टिकतात. गहू त्यानंतर.

बाजरीचं मात्र उलट. दाणा टिकतो, पण बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने ते आठवडाभरात कडवट व्हायला लागतं. म्हणून बाजरी भरपूर घेतली तरी दळण छोटंच काढायचं.

कांद्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, बाजार समितीच दारात आहे. पण भरून ठेवायचा तो उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा. पावसाळी लाल कांदा कितीही स्वस्त असो, तो महिनाभरात मऊ पडतो. उन्हाळी कांदा कोरड्या हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो. लिलावात मोठ्या कांद्याला भाव मिळतो, गोल्टीला कमी. घरात खायला गोल्टी काय वाईट? शेतकऱ्याकडून थेट घेतली तर त्यालाही परवडतं, आपल्यालाही. पोत्यात कोंबू नका. खाटेखाली किंवा बांबूच्या तट्ट्यावर पसरून ठेवा आणि आठवड्याला एकदा हात फिरवून नासका काढून टाका. बटाटा त्याच्या शेजारी नको, दोन्ही लवकर खराब होतात.

रमजानचं गणित इथेच येतं. पीक आपल्या महिन्यात निघतं, रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ ला ईद ३१ मार्चला झाली. शीरखुर्मा, कपडे, फित्रा सगळं करून हात रिकामा झाला आणि नेमका तेव्हाच गहू बाजारात स्वस्त होता. आता रमजान फेब्रुवारीकडे, मग जानेवारीकडे सरकतो आहे, म्हणजे ईदनंतर गहू भरायला महिना-दीड महिना मोकळा मिळेल. त्याउलट तूरडाळीची खरेदी रमजानात अडकेल. २०३० मध्ये तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये असे दोन रमजान एकाच वर्षात येणार आहेत. त्या वर्षाचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. बेसन, खजूर, शेवया, साखर या रमजानच्या वस्तू चांद दिसायच्या आदल्या दिवशी घेतल्या तर भाव विचारायची सोयच राहत नाही. रजबपासून दर आठवड्याला एक-एक वस्तू घेतली की डोक्यावर बोजा येत नाही.

पैसा कुठून आणायचा?

कर्ज काढून साठा करू नका. हप्त्याचं व्याज गव्हाच्या भावातल्या फरकापेक्षा जास्त जातं. शिवाय सूद आपल्याला चालत नाही ते वेगळंच.

बायकांची भिशी हा आपला जुना उपाय आहे. दहा जणींनी दरमहा ५०० रुपये टाकले तर ५,००० जमतात. २०२५ च्या हंगामात गव्हाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे त्या भावाने दोन क्विंटल ४,८५० ला. बाजारात चांगला लोकवन याहून महाग मिळतो, तरी दीड क्विंटलची सोय नक्की होते. अडचण एकच, भिशी सगळ्यांना एप्रिलमध्ये हवी असते. आमच्या गल्लीत यावर तोड अशी काढली की चिठ्ठी टाकायचीच नाही. मे ते मार्च पैसे एकीकडे जमा आणि एप्रिलमध्ये सगळ्यांचा गहू एकाच शेतकऱ्याकडून, एकाच गाडीतून. भाडं वाटलं जातं आणि दहा घरांचं एकत्र गिऱ्हाईक म्हटल्यावर भावही थोडा उतरतो. पैसे जिच्याकडे, वही दुसरीकडे, एवढी काळजी घेतली म्हणजे नंतर तोंडं फिरत नाहीत.

घेताना किलोवरच घ्या, पायलीच्या मापात दोन दुकानांचा भाव जुळवता येत नाही. पुडक्याच्या मालात वजन वाचा. तेलाची पिशवी पूर्वीसारखी दिसते पण आतलं तेल कमी झालेलं असतं. आता पुडक्यावर किलोचा किंवा लिटरचा भावही छापलेला असतो, तुलना त्याच्याशी करायची.

साठा आणि साठेबाजी

भरून ठेवणं म्हणजे तवक्कुल कमी, असं काही बुजुर्ग म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत बुखारीत आहे की प्रेषित (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षाचं धान्य बाजूला ठेवत असत. मनाई आहे ती एहतिकारची, म्हणजे लोकांना गरज असताना भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवण्याची. कुर्बानीच्या गोश्ताचंही तसंच आहे. टंचाईच्या वर्षी तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई झाली, आणि दिवस सुधारल्यावर ठेवायची परवानगी मिळाली.

अम्मी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, यावर दिवस काढले. तेव्हापासून तिच्या डब्यात तळाला चार शेर धान्य कायम असायचं, आणि शेजारी चूल पेटली नाही की ते निघायचंही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रमजान आला तेव्हा त्या डब्याची किंमत आम्हाला कळली.

धान्य टिकवणं

२०२१ ला मी स्वतः चूक केली. जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर स्वस्त मिळाला म्हणून एक पोतं गहू घेतला आणि न वाळवता कोठीत ओतला. मोहर्रमपर्यंत त्यात पोरकिडे असे झाले की कोठी उघडली की वळवळ दिसायची. अर्धं पोतं कोंबड्यांना गेलं.

गहू एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. दबला तर ओल आहे. वाळवल्यावर सावलीत थंड होऊ द्या, मगच भरा, नाहीतर आत घाम धरतो. कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण सुकवून थराथराने घाला, ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतो. तूरडाळीला किलोमागे चहाचा चमचाभर एरंडेल तेल चोळून ठेवतात, भुंगा लागत नाही. रवा-बेसन महिन्याच्या वर साठवूच नका.

तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे धुऊन, उन्हात वाळवून घेतले तर कोठीचा खर्च वाचतो. खताची पोती किंवा औषधाचे ड्रम मात्र कितीही धुतले तरी धान्याला नको.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. गहू किडू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या (सल्फास वगैरे नावांनी मिळतात त्या) घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेलं अख्खं घर त्याने संपू शकतं, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या गोदामात, प्रशिक्षित माणसांनीच वापरायच्या असतात. कोठी ज्या खोलीत तिथेच मुलं झोपतात अशी आपली घरं. कुणी “एक गोळी टाका, वर्षभर बघायला नको” म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बोरीक पावडरही गव्हाला नको, कारण गहू धुवून दळत नाही आपण.

राशन कधी कधी एकदम येतं. २०२५ च्या पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकत्र द्यायचं ठरलं होतं. असं झालं की पोत्यातच ठेवू नका. चाळून, उन्हं मिळाली तर दाखवून, महिन्याप्रमाणे तीन डब्यांत वेगळं करा आणि जुना डबा आधी संपवा. घरात धान्य जास्त दिसलं की हातही सैल सुटतो, वेगळे डबे त्यालाही आळा घालतात.

मीठ, साबण, काडेपेटी, ओआरएसची चार पाकिटं, हे महिन्याभराचं असलं म्हणजे पुरे. मोठी पिशवी स्वस्त म्हणून सहा महिन्यांचा साबण घेण्यापेक्षा ते पैसे डाळीत घाला.

शेवटी मे महिना. शाळा चालू असताना पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचं जेवण मिळतं. घरात असं एक-एक मूल असेल तर २२ दिवसांचं साडेपाच किलो धान्य शाळेत शिजतं. सुटी लागली की ते घरच्या डब्यातून जातं, त्यात मामाकडची मुलंही राहायला येतात. एप्रिलमध्ये हिशोब करताना मे-जूनसाठी हे दहा-बारा किलो वेगळे धरा.