मासे कोणी खाल्ले?

कारखान्यात माल कमी भरला की पहिला संशय मजुरावर येतो. गंगेत मासळी कमी झाली की तो सोंसवर, म्हणजे नदीतल्या डॉल्फिनवर येतो. आपल्या वैनगंगेत सोंस नाही. तरी त्याच्या खाण्याची जी चौकशी झाली, तीत आपल्या ढिवर बांधवांनाही धडा आहे.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी मेलेल्या सोंसची पोटे तपासली. आत मासे आणि झिंगे निघाले. पुढे न मारता चौकशी करण्याची रीत आली: सोंस कोठे वर येतो आणि तेथे कोणती मासळी आहे, याची नोंद ठेवायची. नचिकेत केळकर व सहकाऱ्यांनी बिहारात गंगेच्या 65 किलोमीटर पट्ट्यात असे काम केले. ते 2010 साली प्रसिद्ध झाले. लहान मासळीची जागा सोंसला प्रिय, आणि बरेचदा कोळ्यालाही तीच. म्हणजे भांडण खरे आहे. पण ताट रिकामे कोणी केले?

1975 साली फरक्का बंधारा सुरू झाला आणि समुद्रातून वर चढणाऱ्या हिलशाची वाट अडली. भागलपूरकडे तर नदीवरच जमीनदारी होती. जाळे टाकायचे तर कोळ्याने पैसे मोजायचे. 1982 साली कहलगावच्या कोळ्यांनी गंगा मुक्ती आंदोलन उभारले, आणि दशकभरात ती जमीनदारी उठली.

आपली वैनगंगा गोसीखुर्दने अडवली. त्याची पायाभरणी 1988 सालची. मासळी घटली तर शेजाऱ्याच्या जाळ्याशी भांडण्याआधी सगळा हिशेब मागा. पोटापुरते खाणारा चोर नव्हे.