विकत घेतलेला खेळ नेमका कुणाचा?

‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या मोटार-शर्यतीच्या व्हिडिओ गेमचे सर्व्हर कायमचे बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आलेल्या या खेळात अमेरिकेचा भूभाग लहान प्रमाणात उभारलेला होता आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोटार हाकत जाण्याची मुभा खेळाडूला होती. एकट्याने खेळावयाचा कथाभागही त्यात होता. मात्र तो खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहणे अनिवार्य होते. परिणामी, सर्व्हर थांबताच पूर्ण किंमत मोजून घेतलेली डिस्कही निरुपयोगी ठरली. पुढे तर अनेक खेळाडूंच्या खात्यांतून या खेळाचा परवानाच काढून घेण्यात आला. या एका घटनेने जुनाच प्रश्न ऐरणीवर आणला : दुकानातून पैसे देऊन घेतलेला खेळ हा ग्राहकाच्या मालकीचा असतो, की तो कंपनीने तिच्या मर्जीपुरता वापरावयास दिलेला असतो?

वस्तूकडून परवान्याकडे

१९८० च्या दशकात खेळ काडतुसाच्या रूपात विकले जात. ते यंत्रात बसविले की खेळ सुरू होई. मित्राला उसने देता येई, जुने झाल्यावर विकताही येई. निर्माती कंपनी बुडाली तरी काडतूस चालतच राही. ‘व्हॉल्व’ कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली आणि चित्र पालटू लागले. २००४ मधील ‘हाफ-लाइफ २’ या खेळाची डिस्क दुकानातून आणली तरी तो प्रथम सुरू करताना इंटरनेटवरून स्टीमकडे नोंदवावा लागे. पुढे डिस्कही मागे पडली आणि खेळ थेट इंटरनेटवरून उतरवून घेतले जाऊ लागले. ग्राहकाच्या हाती वस्तूऐवजी परवाना आला. ही बाब करारपत्राच्या लांबलचक मजकुरात नमूद असे. पडद्यावरील बटणावर मात्र ‘खरेदी करा’ हेच शब्द राहिले.

सततच्या जोडणीची अट

अनेक खेळाडू एकत्र येऊन खेळतात त्या खेळांना सर्व्हर लागतोच. वादाचा मुद्दा आहे तो एकट्याने खेळता येतील अशा खेळांवर लादलेल्या जोडणीचा. चोरट्या प्रतींना आळा, फसवणुकीस प्रतिबंध आणि खेळातच आभासी वस्तू विकण्याची सोय, ही त्यामागील कारणे. मार्च २०१३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ कंपनीचा ‘सिमसिटी’ प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्व्हरवर ताण येऊन खरेदीदारांना कित्येक दिवस आपले शहर वसविता आले नाही. हा खेळ जोडणीविना चालविणे मोठ्या फेरबदलांखेरीज शक्य नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, ती सोय प्रत्यक्षात आली. जोडणीची अट ही दर वेळी तांत्रिक अपरिहार्यता नसते, तो अनेकदा व्यावसायिक निर्णय असतो, हे त्यातून दिसून आले.

निरोपाच्या तऱ्हा

खेळ बंद करताना कंपन्या एकसारख्या वागत नाहीत. ‘सोनी’चा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, बंद झाला. पण कंपनीने खरेदीदारांचे पैसे परत केले. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ २०१२ मध्ये बंद पडला होता. चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर चालू केला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ हक्कधारक ‘एनसीसॉफ्ट’ने त्यांच्यापैकी ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. ‘द क्रू’च्या खेळाडूंच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. टीकेनंतर कंपनीने त्याच मालिकेतील ‘द क्रू २’ जोडणीविना खेळण्याची सोय करण्याचे आश्वासन दिले आणि २०२५ मध्ये ते पाळले. पहिला भाग मात्र बंदच राहिला.

खेळाडूंची चळवळ

एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ करणारे अमेरिकी खेळाडू रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, अशी मोहिमेची मागणी नाही. कंपनीने पाठिंबा थांबविताना खेळ चालू शकेल अशा अवस्थेत खरेदीदाराच्या हाती सोपवावा, एवढेच तिचे म्हणणे. या मागणीसाठी युरोपीय संघाच्या ‘नागरिक पुढाकार’ या तरतुदीचा आधार घेण्यात आला. त्यासाठी वर्षभरात दहा लाख स्वाक्षऱ्या आणि किमान सात सदस्य देशांत ठरावीक पाठिंबा लागतो. जुलै २०२५ मध्ये ही संख्या ओलांडली गेली. ब्रिटनमधील स्वतंत्र याचिकेवर लाखाहून अधिक सह्या झाल्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेत चर्चा झाली. परंतु ग्राहक कायदा बदलण्याचा आपला विचार नाही, अशी भूमिका सरकारने मांडली.

कंपन्यांची बाजू

‘व्हिडिओ गेम्स युरोप’ या उद्योगसंघटनेने जुलै २०२५ मध्ये आपले आक्षेप मांडले. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचे संरक्षण आणि बेकायदा मजकुरास आवर घालण्याची व्यवस्था राहत नाही, आणि तेथील गैरप्रकारांचे दायित्व मात्र हक्कधारकावर येऊ शकते. शिवाय मुळातच ऑनलाइन बेतलेल्या खेळांवर असे बंधन आल्यास ते अतिशय महाग होतील, असे संघटनेचे म्हणणे. मोटारींच्या नाममुद्रा, संगीत आणि अन्य कंपन्यांची सॉफ्टवेअरे यांचे परवाने मुदतीचे असतात, ही अडचणही खरी आहे. मात्र निर्मितीच्या आरंभीच शेवटाचा विचार केला तर ही कामे तुलनेने सोपी होतील, असा मोहिमेचा प्रतिवाद आहे.

कायद्याची पहिली पावले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये संमत केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. कंपनी काढून घेऊ शकेल असा डिजिटल माल विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा, तर ग्राहकास केवळ परवाना मिळत असल्याचे स्पष्ट सांगावे लागेल, असे त्याचे स्वरूप. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना झळकू लागली. हा कायदा ग्राहकास सावध करतो. खेळ वाचवीत नाही.

तोवर खेळाडूच्या हाती उरते ती दक्षता. वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर सतत इंटरनेट जोडणीची अट आहे का, हे पाहणे पहिले. ‘जीओजी’सारख्या दुकानांतून संरक्षक कुलपाविना मिळणाऱ्या खेळांची प्रत स्वतःजवळ जपून ठेवता येते, हा दुसरा मार्ग. पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. जुने पुस्तक वाचनालयात सापडते, जुना चित्रपट संग्रहालयात पाहता येतो. सर्व्हरबरोबर मावळलेल्या खेळाची मात्र छायाचित्रे आणि चित्रफितीच उरतात. शेकडो कलावंतांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेली ती सृष्टी पुन्हा कुणालाच खेळता येत नाही, मग त्याने तिचे मोल चुकते केलेले का असेना.