विल्सन एअरवेज

मोठ्या विमानकंपन्यांचा इतिहास लिहिला जातो. लहान कंपन्यांचें कार्य तेवढें मागें उरतें. केनियांतील विल्सन एअरवेजकडे आम्ही या दृष्टीनें पाहतों.

१९२९ सालीं फ्लॉरेन्स कर विल्सन या विधवा बाईंनीं वैमानिक टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांच्या साहाय्यानें ही कंपनी नैरोबींत काढली. आरंभीं जिप्सी मॉथ जातीचें एकच लहान विमान होतें. मागणी येईल तिकडे भाड्यानें उड्डाण करावयाचें, हा व्यवसाय. १९३१ सालीं सुदानांत नाईलकाठच्या दलदलींत अडकलेल्या अर्न्स्ट उडेट या जर्मन वैमानिकास ब्लॅक यांनींच शोधून सोडविलें.

परंतु या सोयीचा लाभ मुख्यतः गोरे वसाहतवाले व अधिकारी यांना होता. ज्यांची ती भूमि, त्यांनीं विमान बहुधा आकाशांतच पाहिलें.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें. विमानें व वैमानिक लष्करी सेवेंत गेले आणि कंपनी संपली. पुढें १९६२ सालीं नैरोबीच्या त्या विमानतळास विल्सन हें नांव मिळालें. दूरच्या खेड्यांतील रुग्णांसाठीं १९५७ सालीं स्थापन झालेल्या ‘उडत्या डॉक्टरां’चें ठाणें तेथेंच आहे. मूठभरांसाठीं घातलेला पाया अखेर अनेकांच्या उपयोगीं पडला, हेंच त्या दहा वर्षांचें खरें फलित होय.