पुण्यांतील मिल, बर्क आणि पेन

पाश्चात्य राज्यविचाराचा इतिहास म्हटला कीं अथेन्सपासून आरंभ करून प्लेटो, ॲरिस्टॉटल, हॉब्ज, लॉक, रूसो अशी नांवांची माळ ओढावयाची, असा परिपाठ पडून गेला आहे. वर्गांतील फळ्यावर तीच माळ मींही वर्षानुवर्षें लिहिली. परंतु त्या परंपरेंतील कांहीं नांवें एके काळीं ह्या पुणें शहराच्या पेठांतून आणि वर्तमानपत्रांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नांवांसारखीं वावरत होतीं, हें आपल्या फारसें ध्यानांत राहिलेलें नाहीं. त्या कथेचा थोडा भाग आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

इ. स. १८१७च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली आणि बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. त्याच सालीं लंडनमध्यें जेम्स मिल नांवाच्या गृहस्थाचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. ह्या इतिहासकारानें हिंदुस्थान कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता, आणि न पाहिल्यामुळेंच आपणांस निःपक्षपातानें लिहितां आलें, असें त्याचें म्हणणें होतें! ग्रंथामुळें त्याला कंपनीच्या लंडन येथील कचेरींत नोकरी मिळाली, आणि १८२३ सालीं त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन स्टुअर्ट हाही त्याच कचेरींत चिकटला. पुढें पस्तीस वर्षें, म्हणजे १८५८ सालीं कंपनीचें राज्य संपेपर्यंत, हिंदी संस्थानांशीं होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहिण्यांत ह्या पुरुषाचा दिवस जात असे. दुसऱ्याच वर्षीं त्यानें ‘ऑन लिबर्टी’ हा स्वातंत्र्यावरील निबंध प्रसिद्ध केला.

व्यक्तीच्या आचारविचारांत समाजानें किंवा सरकारनें हात घालावयाचा तो केवळ दुसऱ्यास होणारी इजा टाळण्यासाठीं, एरवीं नाहीं, हा त्या निबंधाचा गाभा होय. परंतु आरंभींच मिलनें दोन अपवाद सांगून ठेवले आहेत. पहिला अपवाद लहान मुलांचा. त्यांचें रक्षण इतरांनींच केलें पाहिजे. दुसरा मागासलेल्या समाजांचा. अशा समाजाला स्वातंत्र्याचें तत्त्व लागू नाहीं. दैवानें एखादा अकबर किंवा शार्लमेन लाभलाच, तर त्याची आज्ञा निमूटपणें पाळावी, हेंच त्यांच्या हिताचें, असा त्याचा अभिप्राय आहे. पगार हिंदुस्थानच्या महसुलांतून आणि स्वातंत्र्य मात्र इतरांसाठीं, असा हा प्रकार होता. आतां पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्यांना त्यानें दाराबाहेर ठेवलें होतें त्यांनींच तो ग्रंथ सर्वांत अधिक तळमळीनें वाचला, आणि त्या दुसऱ्या अपवादापुढें मान तुकविली नाहीं.

अर्थात् पाश्चात्य ग्रंथ वाचणारे पहिले पुणेकर कांहीं कॉलेजांतून निघाले नाहींत. जोतीराव फुले ह्यांनीं १८४७च्या सुमारास टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचला. हा ग्रंथ १७९१–९२ सालांतील असून तो एडमंड बर्क ह्याच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील टीकेस दिलेलें उत्तर आहे. पूर्वजांनीं लावून दिलेली घडी हेंच राष्ट्राचें खरें भांडवल, असें बर्क म्हणे. मेलेल्या पिढीला जिवंत पिढीवर हुकूम चालविण्याचा अधिकार नाहीं, असें पेन म्हणे. लंडनमध्यें हा वाद राजा आणि प्रजा ह्यांच्या संबंधांचा होता. पुण्यांत त्याला जातीचें रूप आलें. जोतीरावांनीं पेनचा प्रश्न राजाला न विचारतां ग्रंथप्रामाण्याला आणि भिक्षुकशाहीला विचारला. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहून त्यांनीं ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केली आणि त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापिला. सरकारकडून त्यांना कर्तव्य हवें होतें: १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. ज्याला गांवांत पाण्याला स्पर्श करूं दिला जात नाहीं, त्याला सरकारनें आपल्या कामांत ढवळाढवळ करूं नये, हें तत्त्व कितपत रुचावें?

डेक्कन कॉलेजांत मात्र मिलचें आणि हर्बर्ट स्पेन्सरचें राज्य होतें. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे तेथलेच विद्यार्थी. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ सालीं केसरी, १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत दोघांचे एकत्र एकशेएक दिवस. इतका सहवास क्वचितच दोन पुढाऱ्यांना घडतो. तरी १८८७ सालीं आगरकरांनीं केसरी सोडला आणि पुढल्या वर्षीं सुधारक काढला. राजकीय स्वातंत्र्य आधीं कीं सामाजिक सुधारणा आधीं, हा प्रश्न आमच्या परीक्षांतून इतक्या वेळां विचारला गेला आहे कीं त्याची धार बोथट झाली. ती पुन्हा पाहावयाची तर १८९१ सालाकडे वळलें पाहिजे.

आदल्या वर्षीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची एक अल्पवयी विवाहित मुलगी पतिसंगामुळें मृत्यु पावली. त्यानंतर सरकारनें संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारें बिल आणलें, आणि १९ मार्च १८९१ रोजीं तें मंजूर झालें. मधल्या दोन-अडीच महिन्यांत पुणें अक्षरशः दुभंगलें. टिळकांचें म्हणणें असें कीं, परकीय सरकारला आमच्या धर्मांत आणि घरांत कायद्यानें शिरूं देणें घातक आहे. सुधारणा समाजानें आपणहून केली पाहिजे. हें म्हणणें केवळ सनातन्यांना खूष करण्यासाठीं होतें असें मानणें अन्यायाचें होईल; मुलींचें लग्न सोळाच्या आंत आणि मुलांचें विसाच्या आंत करूं नये, असा स्वेच्छेचा निर्बंध सुधारकांनीं आधीं स्वतःवर घालून घ्यावा, असें त्यांनीं तत्पूर्वीं सुचविलेंही होतें. सरकारनें समाजाच्या व्यवहारांत हात घालूं नये हें मत स्पेन्सरनें १८८४च्या ‘मॅन व्हर्सस द स्टेट’ ह्या ग्रंथांत मोठ्या आग्रहानें मांडलें होतें. मौज अशी कीं स्पेन्सर हा आगरकरांचा आवडता ग्रंथकार, आणि त्याच्या ह्या मताचा उपयोग मात्र त्यांच्या प्रतिपक्षाला होण्यासारखा होता.

आगरकर बिलाच्या बाजूनें उभे राहिले. मिलचा पहिला अपवाद येथें आठवावा. दहा वर्षांची मुलगी हें मूल आहे. तिला इजा होते आहे. आणि इजा करणारा घरांतलाच आहे. मग घराच्या उंबऱ्यावर कायद्यानें थांबावें हें स्वातंत्र्य कोणाचें? माझ्या मतें ह्या एका प्रकरणापुरता मिलचा खरा वारस आगरकरच ठरतात. त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढण्यापर्यंत आपल्या शहराची मजल गेली होती, हें विसरून चालणार नाहीं. तथापि टिळकांचा प्रश्नही पोकळ नव्हता. मिल लिहीत होता तो ज्या देशांत सरकार हें अखेर लोकांचें असतें त्या देशासाठीं. येथें कायदा करणारे कोणालाच जबाबदार नव्हते. चांगला कायदा वाईट अधिकारानें केला तर तो घ्यावा कीं नाकारावा? ह्या पेंचाचें उत्तर विलायतेच्या कोणत्याही ग्रंथांत तयार मिळण्यासारखें नव्हतें, तें पुणेकरांनाच शोधावें लागलें. आणि एवढ्या कोलाहलांत जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें तिला मात्र कोणी विचारलें नाहीं.

न्यायमूर्ति रानडे ह्यांचा मार्ग निराळा. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत त्यांनीं इंग्रज अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखेच लागू पडतात हें नाकारलें, आणि जर्मन पंडित फ्रीडरिख लिस्ट ह्याच्या आधारें, नव्या धंद्यांना हात देणें हें सरकारचें काम आहे असें प्रतिपादिलें. एका पाश्चात्याला उत्तर दुसऱ्या पाश्चात्याकडून देवविण्याची ही हातोटी त्यांचीच.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले बर्कचे भक्त होते. ज्या पुस्तकावर पेननें हल्ला चढविला त्यांतील उतारेच्या उतारे त्यांस मुखोद्गत होते, असें सांगतात. एकाच शहरांत जोतीरावांजवळ पेन आणि गोखल्यांजवळ बर्क! सनदशीर मार्गावर गोखल्यांचा विश्वास होता. १९०५च्या डिसेंबरांत जॉन मोर्ले भारतमंत्री झाला तेव्हां बर्कचा अभ्यासक आणि मिलचा शिष्य म्हणून गोखल्यांनीं बनारसच्या राष्ट्रीय सभेंत अध्यक्षपदावरून त्याचा गौरव केला, आणि पुढल्या वर्षीं लंडनांत त्याची गांठही घेतली. तीनच वर्षांनीं, डिसेंबर १९०८मध्यें, त्याच मोर्लेनें लॉर्डांच्या सभेंत स्पष्ट सांगितलें कीं, ह्या सुधारणांमुळें हिंदुस्थानांत पार्लमेंटाची पद्धति येणार असेल तर आपला त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. गुरूचा दुसरा अपवाद शिष्यानें नेमका पाठ करून ठेवला होता.

त्याच वर्षाच्या जुलैंत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं लिहिलेला ‘गीतारहस्य’ १९१५ सालीं बाहेर पडला. त्यांत मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन हे सारे हजर आहेत, आणि मिलच्या बहुजनसुखवादाला दिलेलें उत्तर तर मोठें मार्मिक आहे. न्याय जर डोक्यांच्या संख्येवरच ठरावयाचा, तर पांडवांच्या सात अक्षौहिणी आणि कौरवांच्या अकरा. मग पांडव अन्यायी म्हणावयाचे काय? मिलशीं बरोबरीच्या नात्यानें घातलेला हा वाद आहे. आज्ञा पाळणाऱ्याची भाषा त्यांत कोठेंही नाहीं.

मिलची आणखी एकदां गांठ पडते ती दिल्लीस. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींतील अखेरच्या मोठ्या भाषणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं मिलचाच इशारा सांगितला, तो असा कीं पुरुष कितीही थोर असला तरी आपलें स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहूं नये. तीन वर्षांपूर्वीं आपला एक ग्रंथ त्यांनीं जोतीराव फुल्यांना अर्पण केला होता. दुसऱ्या दिवशीं घटना स्वीकृत झाली आणि तिनें एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांस मताचा हक्क दिला. खुद्द मिलनें १८६७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत स्त्रियांसाठीं हा हक्क मागितला होता. तेव्हां त्याच्या बाजूनें ७३ मतें पडलीं आणि विरुद्ध १९६.